समुद्रफूल आणि मराठवाड्याचं पाणी

मराठवाड्यातल्या चाकूरपासून कोकण किनारा सरळ रेषेत मोजला तरी जवळपास चारशे किलोमीटर लांब आहे. या मुलखात घरी मासे पाळणं म्हणजे गप्पी, मॉली, गोल्डफिश. हौस वाढलीच तर डिस्कस. पण २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश आणि तो ज्यात राहतो ते समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, समुद्र कधी न पाहिलेल्या मुलांच्याही ओळखीचं झालं. मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात खाऱ्या पाण्याचे जीव विकायला असतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं समुद्रफूल रात्रीच्या रेल्वेने सकाळपर्यंत लातूरला पोचू शकतं. आणणं सोपं आहे. ते जगवायचं कसं, आणि आपल्याकडे ते जगवायला घ्यावं का, हा खरा प्रश्न आहे.

विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, काही अवघड नाही. हात पोळलेला शौकीन म्हणतो, त्या भानगडीत पडूच नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचंही अर्धवट आहे. समुद्रफुलाचं आरोग्य महागड्या उपकरणांपेक्षा पाणी, तापमान आणि वीज या तीन गोष्टी बारा महिने जागच्या जागी ठेवण्यावर जास्त अवलंबून असतं. मराठवाड्यात नेमक्या याच तीन गोष्टी बेभरवशाच्या. म्हणून किनाऱ्यावरच्या शहरासाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. इथला हिशेब इथेच मांडावा लागतो.

हा जीव कसा जगतो

समुद्रफूल हा प्राणी आहे, आणि तोही मांसाहारी. प्रवाळ आणि जेलीफिश हे त्याचे नातलग. जगात त्याच्या हजाराहून अधिक जाती आहेत. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या मात्र जेमतेम दहा. शरीर साधं: खाली खडकाला धरून बसणारा पाय, वर तोंडाभोवती शुंडकांची झालर, मधे पोकळ पोट. तोंड एकच. अन्न तिथूनच आत जातं, मळही तिथूनच बाहेर पडतो. मेंदू नाही, हाडं नाहीत, कवच नाही. शुंडकांवर लाखो सूक्ष्म दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श झाला की पेशीतला गुंडाळलेला विषारी तंतू क्षणात बाहेर सुटतो आणि भक्ष्यात रुततो.

क्लाउनफिशला सांभाळणाऱ्या उष्ण समुद्रातल्या जातींची आणखी एक खुबी आहे. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला मिळतो. निरोगी समुद्रफुलाच्या अंगावरची तपकिरी झाक ही या शैवालांची असते. पाणी फार तापलं, प्रकाश एकदम कमी-जास्त झाला की शैवालं शरीराबाहेर टाकली जातात आणि फूल पांढरंफटक पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर जे विरंजनाचं संकट आलं, तेच इथे काचेच्या टाकीत येतं. पांढरं पडलेलं फूल मेलेलं नसतं, पण ते उपाशी असतं. अज्ञानी गिऱ्हाइकाला मात्र तेच सगळ्यांत सुंदर दिसतं.

कवच नसलेल्या या जिवाच्या शरीरात आणि बाहेरच्या पाण्यात आडपडदा फारसा नसतो. पाण्याची क्षारता बदलली की तो बदल थेट पेशींपर्यंत पोचतो. मासा जे दोन दिवस सहन करतो, ते समुद्रफूल दोन तास सहन करत नाही.

काचेच्या बरणीतली एकोणसाठ वर्षं

समुद्रफूल घरात पाळण्याचा इतिहास पंप आणि दिव्यांपेक्षा जुना आहे. स्कॉटलंडमधले सर जॉन डालियेल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकांवरून एक समुद्रफूल घरी आणलं. ते काचेच्या साध्या बरणीत राहिलं. डालियेल १८५१ साली वारले. फूल एकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं गेलं आणि १८८७ साली एडिंबरात मेलं. त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी असं नाव पडलं होतं. बंदिवासातल्या एकोणसाठ वर्षांत त्याने शेकडो पिल्लांना जन्म दिला. ती थंड समुद्रातली जात, तिच्या गरजा कमी. तरी तिला जगवलं ते वेळच्या वेळी ताजं समुद्राचं पाणी आणि थोडं अन्न देणाऱ्या माणसांनी. हा जीव म्हातारपणाने लवकर मरत नाही. घरच्या टाकीत तो वर्ष-सहा महिन्यांत गेला, तर कारण बहुतेक वेळा टाकीतच सापडतं.

त्याच एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकांमुळे समुद्रफुलं पाळण्याचं वेड पसरलं. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी झाली. गॉस यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात वडिलांच्या लेखणीचा हा परिणाम खेदाने नोंदवला आहे. हौसेची किंमत किनारा मोजतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे या जिवांचा अभ्यासही जुना आहे. संशोधक पारुळेकर यांनी मुंबईच्या समुद्रफुलांवरचा निबंध १९६८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ पासून आहे आणि तिथलं मत्स्यालय सामान्य माणसालाही पाहता येतं. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं. काचेमागचा समुद्र महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी पहिल्यांदा तिथेच पाहिला. अलीकडे, २०१७ पासून, ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी लोकांना हाजीअली, गिरगाव, जुहू इथल्या खडकांवर नेऊन हे जीव जागच्या जागी दाखवायला सुरुवात केली. मराठी माणसाला समुद्रफूल पाहायला परदेशी जावं लागत नाही. भरती ओसरली की ते रत्नागिरी-मालवणच्या खडकांत, शुंडकं आत ओढून, ओल्या गोळ्यासारखं बसलेलं दिसतं.

पाणी: सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरंच काही. म्हणून घरचं खडेमीठ पाण्यात विरघळवून समुद्र तयार होत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारं तयार सागरी मीठच लागतं. शंभर लिटर पाण्याला साडेतीन ते चार किलो.

हे मीठ कोणत्या पाण्यात मिसळायचं, इथे आपला भाग आडवा येतो. बोअरचं पाणी जड. त्यात क्षार भरपूर आणि शेतातल्या खतांमधून उतरलेलं नायट्रेटही असू शकतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. दोन्ही समुद्रफुलाला चालत नाहीत. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लावून, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ आलेलं पाणीच वापरावं. एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. स्वयंपाकघरातल्या आरओ मशिनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं; ते थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. त्या नळाचं पाणी पिण्यासाठी उत्तम, टाकीसाठी कुचकामी. पाणी मेम्ब्रेननंतर आणि कंट्रोलरच्या आधी घ्यावं लागतं. जारचं पाणी घेणार असाल तर प्रत्येक जार मीटर लावून बघावा. आजच्या जारवरून उद्याचा ठरत नाही.

आता हिशेब. दोनशे लिटरची टाकी धरू. पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर महिन्याला ४० लिटर. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून रोज दोन ते चार लिटर पाणी सहज उडतं; म्हणजे महिन्याला आणखी ६० ते १२० लिटर. मिळून शंभर ते एकशे साठ लिटर शुद्ध पाणी. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतो असं धरलं, तर तीनशे ते पावणेपाचशे लिटर पाणी मोरीत जातं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घागरी आणि टँकरच्या रांगा ज्या जिल्ह्याने पाहिल्या, तिथे हा हिशेब बाजूला सारता येत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी टाकीत किंवा पिंपात साठवून फरशी पुसायला, भांडी विसळायला, संडास-मोरीला वापरलं पाहिजे. बोअरचं असेल तर ते आणखी खारट झालेलं असतं. कुंड्यांना घालू नये. ही सोय करायची नसेल तर टाकी घेऊच नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही. कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दोनशे लिटरमधून चार लिटर उडालं की क्षारता ३५ वरून ३५.७ वर जाते. दोन दिवस गावाला गेलात आणि कुणी पाणी घातलं नाही, तर ती ३६.४ च्या पुढे. आकडा छोटा दिसतो, पण समुद्रफुलाला बदल जाणवतो तो त्याच्या वेगामुळे. परत आल्यावर घाईने आठ लिटर गोडं पाणी एकदम ओतणं ही त्याहून मोठी चूक. फ्लोट लावून आपोआप पाणी भरणारी छोटी यंत्रणा ही चैन नाही. आपल्या कोरड्या हवेत ती पहिली खरेदी असावी.

बाकीचे आकडे थोडक्यात. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, क्षारीयता ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम; अमोनिया आणि नायट्राइट शून्य; नायट्रेट थोडं, साधारण २ ते १५ पीपीएम. नायट्रेट अगदी शून्यावर आणण्याचा हट्ट नको, आतली शैवालं त्यावरही जगतात. नवी टाकी कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यात जिवाणूंचा जम बसायला आणि चढ-उतार थांबायला सहा महिने ते वर्ष लागतं. समुद्रफूल हा टाकीत शेवटी येणारा पाहुणा आहे. पहिल्या महिन्यात आणलेली फुलं सहसा टिकत नाहीत.

उन्हाळा, हिवाळा आणि वीज

समुद्रफुलाला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. ३० च्या वर काही दिवस काढले की विरंजनाला आमंत्रण. चाकूर-अहमदपूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत पाणी सहज ३३-३४ अंशांवर जातं. पंप आणि दिवे आपली उष्णता वेगळी ओततात.

पण इथे आपल्या हवेचा एक फायदाही आहे. एक लिटर पाणी उडताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि तो दमट मुंबईत फसतो तसा लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फसत नाही. टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर दोन छोटे पंखे तिरके लावले तर तापमान तीन-चार अंशांनी उतरतं. चिलर महाग, वीज खाणारा आणि उष्णता त्याच खोलीत सोडणारा. त्याच्या आधी टाकीची जागा बदलून पाहावी: तळमजला, पश्चिमेची भिंत टाळलेली, खिडकीचं ऊन न येणारी खोली. पावसाळ्यात हवा दमट होते, पंख्याचा उपयोग घटतो, पण तेव्हा उकाडाही कमी झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रश्न येतो: रात्रीची थंडी. तेव्हा थर्मोस्टॅटचा हीटर लागतो. एका मोठ्या हीटरपेक्षा दोन छोटे बरे. एक बिघडून चालूच राहिला तरी टाकी शिजत नाही.

विजेचा प्रश्न त्याहून नाजूक. तीस अंशांना समुद्राच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला सहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, गोड्या पाण्यापेक्षा कमी. पाणी हलायचं थांबलं की तो भराभर संपतो. मे महिन्यातल्या दुपारी तीन-चार तास वीज गेली तर नुकसान प्रकाश गेल्याने होत नाही, प्रवाह थांबल्याने होतं. म्हणून इन्व्हर्टरवर जोडणीचा क्रम ठरलेला असावा: आधी पाणी फिरवणारा पंप, मग पंखा, दिवा सगळ्यात शेवटी. फूल अंधारात दोन दिवस काढू शकतं. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तरी घरात हवाच.

प्रकाश, जागा आणि घास

समुद्रफुलासाठी मत्स्यालयाचा रीफ एलईडी दिवा लागतो. नवख्यांना सोयीच्या ‘बबल टिप’ जातीला प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाच्या मापात, म्हणजे पीएआरमध्ये, दीडशे ते तीनशे पुरतं. दिवसाला आठ ते दहा तास, टायमरवर. नव्या फुलावर पहिल्याच दिवशी पूर्ण प्रकाश टाकू नये. निम्म्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवावा. वाहतुकीत अंधारात राहिलेल्या फुलाला लख्ख प्रकाश हाही धक्काच.

जागा ते स्वतः निवडतं. आपण दगडाच्या कपारीजवळ सोडायचं आणि हात काढून घ्यायचा. पहिले काही दिवस ते चालतं: पायाची एक कड सोडतं, फुगवतं, पुढे टेकवतं, आणि सकाळी भलत्याच काचेवर आढळतं. या प्रवासात सर्वांत मोठा धोका पंपाच्या तोंडाचा. पंपात ओढलं गेलेलं फूल चिंध्या होऊन टाकीभर पसरतं आणि त्याच्यासोबत मासेही जातात. प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज बसवल्याशिवाय फूल आणूच नये. चिकटलेलं फूल ओढून काढायचं नाही. पाय फाटला की जखम भरणं कठीण.

खायला आठवड्यातून एक-दोनदा वाटाण्याएवढा कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा पुरतो. मीठ-मसाला न लागलेली, बर्फातली साधी समुद्री कोळंबी चालते. चिमट्याने तुकडा शुंडकाला टेकवला की तो चिकटतो. शेजारची शुंडकं त्याच्यावर झुकतात, तुकडा हळूहळू मध्याकडे सरकतो, तोंड रुंदावतं आणि काही मिनिटांत सगळं आत जातं. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा पांढुरका होऊन बाहेर आला, तर घास मोठा होता असं समजावं. जास्त खायला घातल्याने फूल लवकर मोठं होत नाही, पाणी मात्र लवकर बिघडतं.

कोणती जात, कुठून

नवख्याने फक्त बबल टिप घ्यावी. तिची शुंडकं टोकाला फुगलेली असतात. ती तुलनेने सोशिक आहे आणि स्वतःला दुभंगून एकाची दोन होते. त्यामुळे दुसऱ्या शौकिनाच्या टाकीत फुटून तयार झालेलं पिल्लू मिळू शकतं. समुद्रातून नुकतंच काढलेलं फूल आणि टाकीतच जन्मलेलं फूल यांतलं दुसरंच निवडावं, किंमत जास्त पडली तरी. कार्पेट ॲनिमोनला जाड वाळूचा थर आणि मोठी टाकी लागते, शिवाय ती मासेही गिळते. ‘मॅग्निफिका’ दिसायला राजेशाही, पण तिला प्रखर प्रकाश आणि जोरदार प्रवाह हवा. अनुभवी माणसाच्याही हातून ती जाते. ‘सिबे’ नावाने विकली जाणारी फुलं पुष्कळदा आधीच पांढरी पडलेली असतात. काही व्यापारी अशा फुलांना रंग देतात. झगझगीत पिवळं किंवा जांभळं फूल दिसलं की शंका घ्यावी. रंग उतरतो, उपासमार राहते.

दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात: तोंड घट्ट मिटलेलं आहे का, पाय अखंड आणि काचेला धरून आहे का, शुंडकं चिकट आहेत का. तोंड आ वासलेलं, पाय सुटून पाण्यात तरंगणारं फूल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. मुंबईहून आणताना एका पिशवीत एकच फूल, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, पिशवी थर्माकोलच्या पेटीत. उन्हाळ्यात दिवसाचा प्रवास टाळावा.

स्वतः किनाऱ्यावर जाऊन उचलून आणावं का? नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. फुलासोबत उचललेला प्रवाळाचा दगड थेट गुन्ह्यात नेतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, फिलिपिन्समधल्या सेबू भागावरच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मत्स्यालयांसाठी पकड होणाऱ्या ठिकाणी समुद्रफुलं आणि क्लाउनफिश दोन्ही विरळ झालेले आढळले. आसरा गेला की आसरा घेणाराही जातो.

क्लाउनफिश हवाच का?

क्लाउनफिशला टाकीत फूल लागतंच असं नाही, आणि फुलालाही मासा लागत नाही. समुद्रात दोघांचा फायदा असतो: मासा फुलाला कुरतडणाऱ्या माशांना हुसकावतो, त्याच्या उत्सर्जनातला अमोनिया शैवालांना मिळतो, आणि माशाला दंशाचं कवच. बंद टाकीत शत्रू नसतात, म्हणून मासा फुलाविना सुखाने जगतो. ‘नीमो’ म्हणून विकला जाणारा ऑसेलारिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही, टाकीत मात्र बरेचदा तिच्याशी जुळवून घेतो. क्लार्की हा क्लाउनफिश दहाही जातींना आपलं मानतो. मासे उबवणीचेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपम इथे क्लाउनफिशचं प्रजनन यशस्वी केलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्तीत राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने स्थानिक महिला शोभिवंत कोळंबी वाढवतात. समुद्राला हात न लावता हौस भागवण्याचा रस्ता हाच आहे.

बिघडलं तर

फूल रोज थोडा वेळ आक्रसतं आणि तपकिरी धागे बाहेर टाकतं. ते पोट साफ करणं आहे, आजार नव्हे. सलग तीन-चार दिवस आक्रसलेलं राहिलं, तोंड उघडं पडलं, पाय सुटला, तर आधी क्षारता, तापमान आणि अमोनिया मोजावा. बहुतेक उत्तर त्या तीन आकड्यांत असतं. औषध शोधण्याआधी पाणी बदला. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरचं तांब्याचं औषध टाकीत कधीही घालू नये. समुद्रफुलाला ते विष आहे. पितळी नळ, तांब्याची जोडणी टाळावी. आपला भाग सोयाबीनचा. कीटकनाशकाची किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी करून आलेले हात, कितीही धुतलेले असले तरी, त्या दिवशी टाकीत जाऊ नयेत. डासांचे स्प्रेही त्या खोलीत नकोत.

फूल वितळू लागलं, कुजका वास आला, की त्याच क्षणी बाहेर काढावं. एक मोठं मेलेलं फूल रात्रीत अमोनिया इतका वाढवतं की सकाळी टाकीत काही शिल्लक राहत नाही. परदेशातले काही शौकीन आजारी फुलाला वेगळ्या भांड्यात प्रतिजैविक देतात. पण ते पाणी मोरीतून बाहेर सोडणं म्हणजे प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढवणं. घरगुती पातळीवर हा मार्ग धरू नये.

काही जीव न बोलावताही येतात. दगडासोबत ‘आयप्टेशिया’ हे छोटं तपकिरी समुद्रफूल येतं आणि भराभर पसरतं. त्याला खुडलं तर तुकड्यातून नवं उगवतं. पेपरमिंट कोळंबी त्याला खाते. दगडावर झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे छोटे नातलग, असतील, तर दगड उकळत्या पाण्यात टाकू नये की वायर ब्रशने घासू नये. काहींत पॅलिटॉक्सिन हे जीवघेणं विष असतं आणि त्याची वाफ नाकातोंडात गेल्याने घरातली माणसं अत्यवस्थ झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. हातमोजे आणि चष्मा वापरावा, लहान मुलांना त्या कामापासून दूर ठेवावं.

निवाडा

मराठवाड्यात घरच्या टाकीत समुद्रफूल निरोगी ठेवता येतं. त्यासाठी किमान दीडशे-दोनशे लिटरची, वर्षभर स्थिर झालेली टाकी, आरओ-डीआयचं पाणी आणि वाया जाणाऱ्या पाण्याचा वापर, पंखे आणि इन्व्हर्टर, जाळी बसवलेले पंप, टाकीतच जन्मलेली बबल टिप, आणि घरात दुसरं कुणीतरी जे आपण गावाला गेल्यावर रोज आकडे पाहील, एवढं लागतं. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर थांबावं. क्लाउनफिशची उबवणीतली जोडी आणि साधे खडक एवढ्यावरही खाऱ्या पाण्याची सुंदर टाकी होते. ज्या वर्षी तालुक्यात टँकर सुरू होतील, त्या वर्षी नवी टाकी सुरू करू नये.

आणि पैसे खर्च करण्याआधी एकदा रत्नागिरी किंवा मालवणला जा, मोठ्या ओहोटीच्या दिवशी खडकांवर उतरा, कुणी माहीतगार सोबत घ्या. हात न लावता ते फूल पाहा. त्यानंतरही ते घरी हवं असं वाटलं, तर आधी वर्षभर फक्त पाणी सांभाळून दाखवा, मग फूल आणा.